रिकाम्या जागेची सावली

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की माझी आत्या जांभई देऊन उठून जाते. त्यामुळे ही घटना तिच्याच तोंडून ऐकली, तेव्हा मला ती खरी मानावीच लागली.

हे घडलं एका कलादालनाच्या तळमजल्यावर. मंगळवार ते शुक्रवार. तेही भर दुपारी.

आत्या भिंती रंगवते. तिथल्या प्रदर्शनासाठी तिने एका भिंतीला उजेडाने रंग बदलणारा लेप दिला होता. भिंत एरवी पांढरी. समोरचा जांभळा दिवा पाच सेकंद लावला, की गर्द निळी. मध्ये कोणी उभं असेल, तर तेवढा भाग पांढराच राहायचा. माणूस बाजूला झाला तरी त्याची आकृती भिंतीवर! दहा मिनिटांनी निळा रंग उतरला, की खेळ संपला. पोरं तर तिथून हलायला तयार नसत.

बुधवारी दुपारी दालनात चिटपाखरूही नव्हतं. आत्याने सहज दिवा लावला.

भिंत निळी झाली...

आणि मधोमध एक माणूस पांढरा राहिला.

मान वाकलेली. एक खांदा उतरलेला. हातात काठी.

"लेप नीट बसला नसेल," आत्या पुटपुटली. तिने सगळा लेप खरवडला, नवा दिला. गुरुवारी पुन्हा दिवा लावला.

तोच माणूस.

फक्त दोन पावलं डावीकडे...

दोष भिंतीत नव्हताच. दिवा आणि भिंतीच्या मध्ये कोणीतरी उजेड अडवत होतं.

त्या रिकाम्या जागेकडे तिने हात पुढे केला... आणि मागे घेतला.

शुक्रवारी एक बाई आली, वडिलांचा फोटो घेऊन.

"मंगळवारी हे प्रदर्शन बघायला म्हणून निघाले, ते घरी आलेच नाहीत."

"आत जाताना मी पाहिलं त्यांना," रखवालदार म्हणाला. "बाहेर येताना नाही पाहिलं."

फोटोतल्या माणसाचा एक खांदा उतरलेला होता.

आत्याने दिवा लावला.

बाई ओरडली नाही. रखवालदाराची खुर्ची ओढत आणून तिने भिंतीपुढे ठेवली.

"त्यांना इतका वेळ उभं राहवत नाही हो."

निळा रंग उतरेपर्यंत दोघी थांबल्या. दालनात अगदी शांत होतं.

ठक... ठक...

काठी टेकल्याचा आवाज. दोनदाच.

आत्याने दिवा लावला. खुर्ची पांढरी उमटली. आणि खुर्चीत बसलेला माणूसही. काठी मांडीवर आडवी.

"बाबा, चला ना घरी," बाई खुर्चीकडे बघत म्हणाली. "तीन दिवस आईच्या घशाखाली घास उतरलेला नाही."

दहा मिनिटं गेली. तिसऱ्यांदा दिवा.

आता भिंतीवर फक्त खुर्ची होती.

बाई रडता रडता हसली आणि धावतच घरी गेली. आत्यालाही हायसं वाटलं. सामान आवरून तीही निघाली.

संध्याकाळी तिचा फोन वाजला.

"ताई, बाबा आले नाहीत अजून." "ते कुठल्या बाजूला गेले, काही कळलं का तुम्हाला?"

"नाही हो," आत्या म्हणाली.

त्यांचा आजतागायत पत्ता नाही.

पण एक गोष्ट आत्याने त्या बाईला सांगितली नाही. मला सांगितली, तीही माझी नजर चुकवत.

त्या दिवशी दालनातून निघताना ती दार धरून थांबली होती. मागून कोणी वडीलधारं सावकाश येत असलं, की आपण थांबतो ना, तशी. कोणासाठी, ते तिला आठवत नाही.

आणि घरी पोचल्यावर, स्वतःच्या दारातही ती तशीच थांबली होती...