जाऊन राहिलो

काजलच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर अंदमानच्या जंगलाची तांबडी माती सांडली, आणि सांडणारा पठ्ठ्या कुर्त्याऐवजी मातीकडे बघून हळहळला! आता बोला.

"अहो, माझ्या कुर्त्याचं काय?" ती कडाडली.

"तो धुतला की निघेल, मॅडम. ही माती मात्र बोटीनं आली आहे..." त्यानं मान वर केली, तिला पाहिलं आणि पुढचं विसरला.

हा प्रशिक, इथल्याच बेसा गावचा. काजल साताऱ्याहून शहराच्या सदर भागातल्या या प्रयोगशाळेत त्याच दिवशी रुजू झाली होती. दोघांच्या वाट्याला कामही एकच आलं – तोडल्यावर पुन्हा उगवलेलं अंदमानातलं जंगल कशावर वाढतं, ते शोधायचं. प्रशिक अधूनमधून तिकडे जाऊन खोडांना पट्ट्या बांधायचा. पट्टी सरकली की खोड किती भरलं ते कळायचं. काजल त्याच झाडांची पानं आणि माती तपासायची.

"ऊन आहे, पाऊस धो धो आहे... मग झाड अडतं कुठे?" तिनं एकदा विचारलं.

"मातीत जे सगळ्यात कमी, तिथे. तरुण जंगलाला बहुतेक नायट्रोजन पुरत नाही. मिळाला, की खोडं भराभर भरतात, हवेतला कार्बन लाकडात साठवतात."

"आणि नाहीच मिळाला तर?"

"तर बाकी सगळं असून झाड नुसतं उभं..."

हे सांगताना स्वारी तिच्याकडेच का बघत होती? काजलचे कान तापले.

तिच्याशी तो जपून, अगदी पुस्तकी मराठी बोलायचा. सातारची पोरगी आपल्या बोलीला हसेल, ही धास्ती! काजलला वाटायचं, हा असाच बोलतो.

मग प्रयोगशाळाप्रमुख विक्रम सरांनी सांगितलं, झाडांना नायट्रोजन घालून बघायचाय. दोन वर्षं कुणीतरी तिथेच मुक्काम करायचा, आणि प्रशिकला विचारलंय. दोन वर्षं! आज मनातलं बोलले नाही तर गेलाच हा हातचा. काजल तडक त्याच्या टेबलाशी गेली.

"तू... जाणार?"

प्रशिकचा चेहरा उतरलेला. जपून बोलायचं भान कुठलं राहायला! "मी तं जाऊन राहिलो ना, काजल."

जाऊन राहिलो? म्हणजे याचं तिथे जाऊन, राहून झालंय. आता दुसरा कुणी जाईल! तिचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं बाई!" ती खुशीत म्हणाली आणि चहाला पळाली. मनातलं आता सावकाश सांगू, असं तिनं ठरवलं. त्याचं तोंड पडलं, ते तिनं पाहिलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात गेटाशी गाडी उभी. पेट्या चढत होत्या, आणि पाठीवर सॅक लावून प्रशिक.

"कुठे निघालास?"

"अंदमानला. सांगितलं होतं तुला."

"तू तर म्हणालास, जाऊन राहिलो!"

"मंग? जाऊनच तं राहिलो! हे काय करून राहिलो मी?"

ड्रायव्हर खो खो हसला. "मॅडम, आमच्याकडे 'जाऊन राहिलो' म्हणजे चाललो!"

काजलला रडू कोसळलं. "मला वाटलं, तू राहून आलायस... आता जात नाहीस. म्हणून खूश झाले ना, वेड्या!"

प्रशिकच्या हातातली पेटी खाली आली. "अन् मले वाटलं, मी चाललो म्हणून तू खूश झाली. एकदा 'नको जाऊ' म्हणाली असती, तं सराले नाही म्हणणार होतो."

"आता म्हणू?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काजलनं डोळे पुसले.

"नाही म्हणत. झाडांचं काम अर्धवट टाकून थांबलास, तर मलाच आवडणार नाही. पण ऐकून जा – तू मला आवडतोस. खूप."

"काजल... आम्ही बौद्ध, तुम्ही देशमुख. तुझ्या घरी चालंल?"

"भांडावं लागेल. मी भांडेन. तुझं सांग."

प्रशिकनं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तिच्या हातात दिला. "माही आई. मी गाडीत बसून राहिलो. तूच सांग."

"अरे, पण मी काय सां—"

दार लागलं, गाडी हलली. फोन तिच्याकडेच राहिला, आणि पलीकडून आवाज आला, "हॅलो? कोण बोलून राहिलं?"

काजलनं फोन कानाला लावला. "मी काजल, आई... प्रशिकची."