बाबूघाटावरची फुलं

"हो गं आई, टाकते नदीत," असं फोनवर म्हणत मुग्धानं निर्माल्याची पिशवी भिरकावायला हात उचलला आणि खालच्या पायरीवरून आवाज आला, "अहो... मला देता का?"

मराठी! कोलकात्याला बदली होऊन आल्यापासून घराबाहेर तिनं ती ऐकलीच नव्हती.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक तरुण टोपलीशी बसून हारांचे दोरे सोडवत होता.

"भाषण देणार असाल तर मला घाई आहे."

"भाषण मला येतच नाही. मराठीत तर त्याहून नाही," तो हसला. नाव शौनक. जन्म इथलाच, नोकरी खिदिरपूरच्या बंदरात.

तिनं पिशवी दिली. जरा घुश्शातच.

पुढच्या रविवारी तो तिथंच होता. लोक नदीत प्लास्टिक टाकत. हा काही न बोलता काठावरचं गोळा करी. आधी त्याला हसणारी एक म्हातारी हळूहळू स्वतःहून हार आणून देऊ लागली. मुग्धा लांबून पाहत राहिली. मग एका सकाळी त्याच्या शेजारी बसून तिनं दोरा हातात घेतला.

"हात खराब होतील."

"होऊ देत. ह्या फुलांचं करता काय?"

"गच्चीवर खत. झेंडू मस्त येतो... बघायला या ना."

"झेंडू?"

"झेंडूच. आणि वेळ उरला तर — मला."

तिनं मान खाली घातली, पण गाठ काही सुटेना.

हिवाळा सरता सरता तिची पुण्याला बदली निघाली. तिनं घाटावर येऊन सांगितलं. शौनकचे हात थांबले.

"काहीच म्हणायचं नाही?"

"मी कुणाला काही सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. आपण करत राहायचं... ज्याला पटेल तो येतो."

"ते फुलांचं झालं," ती शांतपणे म्हणाली. "माणसाला सांगावं लागतं, शौनक."

हावड्याहून आलेली लाँच धक्क्याला लागली, माणसं उतरून गेली. शौनकनं पुन्हा दोरा उचलला. ती उठली.

"मुग्धा — जाऊ नका. मला... तुम्ही हव्या आहात."

ती पुन्हा पायरीवर बसली, या वेळी अगदी जवळ.

"बदली नको म्हणून मी परवाच कळवलंय," ती म्हणाली. "फक्त हे ऐकायचं राहिलं होतं."