हिरवळ जाळली कोणी?

“अकरा! काल चारच होते!” रय्यानने पुन्हा एकदा बोटावर मोजलं आणि तो धावत थोरल्या बहिणीकडे, लाइबाकडे आला.

लाइबा कुंपणाला टेकून उभी होती. समोर रिसॉर्टची नवी हिरवळ होती. पंधरा दिवसांपूर्वी टेम्पोतून गवताच्या गुंडाळ्या आल्या, तेव्हा अब्बांनी एकेक गुंडाळी स्वतः उलगडली होती, कडेला कड जुळवून अंथरली होती. आता तिच्यावर अकरा पिवळे डाग पडले होते.

अब्बा म्हणजे अब्दुस्समद. नऊ वर्षं त्यांनी आखातात, अंग भाजून काढणाऱ्या उन्हात, हॉटेलांची हिरवळ सांभाळली होती. लाइबा तीन वर्षांची असताना ते गेले आणि ती बारा वर्षांची झाल्यावर परतले. मधल्या काळात यायचे ते पाहुण्यासारखे, महिनाभर. काशीदच्या या रिसॉर्टमध्ये माळ्याची नोकरी लागली, तेव्हा अम्मीने अख्ख्या मोहल्ल्यात खजूर वाटले होते!

“मॅनेजर म्हणतायत, अब्बा पाणीच घालत नाहीत,” रय्यान म्हणाला. “गुरुवारी मालकीणबाई येणार. त्यांना सांगून दुसरा माळी आणणार!”

दुसरा माळी आला की काय होणार, हे लाइबाला ठाऊक होतं. मुरुडच्या एजंटाचा रोज फोन यायचा. आखातातली जुनी जागा रिकामी होती आणि त्याला शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं.

“साफ खोटं!” ती उसळून म्हणाली. “पहाटे नमाज झाली की अब्बा इथेच असतात. ऊन चढायच्या आत पाणी, ऊन उतरल्यावर पुन्हा पाणी. नव्या गवतावर स्वतःसुद्धा पाय ठेवत नाहीत!”

“अगो लाइबा, इकडं ये!” भाविकाने हाक मारली. भाविका उरणकडची, मावशीकडे सुट्टीला आलेली. ती हिरवळीच्या कडेला उकिडवी बसली होती. कडेच्या जांभ्या दगडांवर पांढरी खरवड धरली होती. भाविकाने त्यावर बोट घासलं आणि सरळ जिभेला लावलं.

“शी!” रय्यान ओरडला.

“शी काय? मीठ हाय हे! माझा आजा मिठागरात जन्म घालवून बसलाय. पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं.”

लाइबाने डागांकडे नीट पाहिलं. सगळे डाग फवाऱ्यांच्या भोवती होते. जिथे पाणी जास्त, तिथेच गवत जास्त जळलेलं!

“पण तुझ्या अब्बांना पाणी खारं लागलं नाही?” भाविकाने विचारलं.

“चाखणार कधी? रमजानमध्ये त्यांना टायफॉइड झाला होता. सुटलेले रोजे आता पुरे करतायत. दिवसभर थेंब तोंडात घेत नाहीत. आणि तिकडे आखातात बागेच्या नळाला तोंड लावायला बंदीच होती. नऊ वर्षांची सवय!”

तिघांनी लगेच अब्बांना गाठलं. अब्बांनी दगडावरची खरवड नखाने उकरून पाहिली.

“मला आधीच कळायला हवं होतं,” ते म्हणाले. “पण बेटा, विहीर तर गोड्या पाण्याची आहे. स्वयंपाकही त्याच पाण्याचा होतो. मालकिणीपुढे नुसतं बोलून भागणार नाही.”

म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं!

“ए, चला, पळा इथून! हा काय खेळायचा अड्डा आहे?” मॅनेजर विपुलभाऊ खेकसले. पोरं मुकाट्याने फाटकाबाहेर पडली आणि पलीकडून शेजारच्या म्हाताऱ्या वेणूबाईंच्या नारळीच्या वाडीत शिरली. विहीर दोघांची सामाईक होती. अर्धा काठ रिसॉर्टकडे, अर्धा वेणूबाईंकडे. तिथून पाणी काढायला विपुलभाऊंची परवानगी कशाला?

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून तिघं वाडीत ठाण मांडून बसले. मोटर सातला सुरू झाली. लाइबा दोरीला कळशी बांधून पाणी काढी, भाविका चाखी आणि रय्यान वहीत लिही. सात वाजता गोड. अकराला मचूळ. दोनला खारट.

“आता माझी पाळी!” चार वाजता रय्यानने ऐटीत घोट घेतला आणि ‘थू थू’ करत तो माडाभोवती नाचायलाच लागला. मोटर अजून चालूच होती!

लाइबा मात्र नळांच्या जोडणीकडे बघत होती. सकाळी पाणी स्वयंपाकाच्या टाकीत चढलं. मग दुपारभर पोहण्याच्या तलावात पडत राहिलं. आणि आता, सगळ्यात शेवटी, हिरवळीच्या टाकीत! संध्याकाळी आणि पहाटे अब्बा गवताला देत होते ते हेच पाणी. आपल्याच हाताने, इतक्या मायेने! तिला रडू आवरेना.

वेणूबाई काठाशी येऊन बसल्या. “म्या इपुलला कवाच सांगितलं, दोन तास काढ, मंग हिरीला दम खाऊ दे. खाली दर्या हाय, पोरी. वरचं गोडं पाणी सरलं की तो वर येतो. पन म्हातारीचं ऐकतो कोन?”

गुरुवारी मालकीणबाई, मृणालीताई, आल्या. पिवळी हिरवळ पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“माळी कामचुकार आहे, मॅडम,” विपुलभाऊ म्हणाले. अब्बा खाली मान घालून उभे होते. लाइबाने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. हातात पाण्याचे दोन पेले, एक स्वयंपाकाच्या टाकीतला आणि एक हिरवळीच्या, घेऊन ती पुढे झाली.

“विपुलभाऊ, स्वयंपाकाला आणि हिरवळीला पाणी एकाच विहिरीचं ना?”

“मग! आमच्या विहिरीसारखं गोड पाणी मुंबईतही मिळायचं नाही!”

“मग हे हिरवळीच्या टाकीतलं घ्या. बघा चाखून!”

मालकिणीसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. विपुलभाऊंनी मोठा घोट घेतला आणि त्यांचं तोंड कसनुसं झालं. गाल फुगवून ते हिरवळीकडे वळले.

“गवतावर नको! आधीच खारं झालंय!” रय्यान किंचाळला.

लाइबाने वही उघडून सगळं सांगितलं. मृणालीताईंनी दोन्ही पेल्यांतलं पाणी चाखलं.

“मोटर लावायचो आणि दुसऱ्या कामाला लागायचो,” विपुलभाऊ पुटपुटले. “चूक माझीच.”

“समदभाई, हे गवत वाचेल?” मृणालीताईंनी विचारलं.

अब्बा गुडघ्यावर बसले. खुरप्याने त्यांनी पिवळ्या डागाची कड अलगद उचलली. खाली पांढरी मुळं होती.

“जिवंत आहे,” ते म्हणाले. “चार दिवस सकाळचं गोडं पाणी भरपूर द्यायचं, मीठ खाली निचरून जाईल. दुपारी वर जाळी लावायची. आणि मोटर दोन तासच.”

“पण मग तलाव?” विपुलभाऊंनी चाचरत विचारलं.

“तलाव रिकामा राहू दे. पाहुण्यांना समोर समुद्र आहे!” मृणालीताई म्हणाल्या. मग त्या अब्बांकडे वळल्या. “माफ करा. मी फोनवर ऐकलं त्यावर विश्वास ठेवला. तुम्ही आहात तोवर ही बाग तुमची. आणि तुम्ही तिघं! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही एका कळशीने केलंत.”

“पोरी न्हाय, वाघिणी हायत!” कुंपणापलीकडून वेणूबाई म्हणाल्या.

“आणि मी?” रय्यानने विचारलं. सगळे हसले, अब्बासुद्धा.

शुक्रवारी सकाळी डाग अजून पिवळेच होते. अब्बा पाणी देत असताना एजंटाचा फोन वाजला. त्यांचे दोन्ही हात मातीने भरले होते.

“लाइबा, तू घे. सांग, अब्बा येणार नाहीत.”

लाइबाने फोन कानाला लावला. “अब्बा येणार नाहीत,” ती म्हणाली. “आता कधीच येणार नाहीत!”

शेवटचं वाक्य अब्बांनी सांगितलं नव्हतं. पण ऐकून ते नाही म्हणाले नाहीत. मातीच्या हातानेच त्यांनी तिला जवळ ओढून घेतलं.