वळून पाहायचं नाही

माटुंग्याच्या इंग्रजीच्या क्लासला मनवा उशिरा पोचली, आणि एकच रिकामी जागा दिसली तिथं बसली — हेमचंद्रच्या शेजारी. सर 'फॉरवर्ड' आणि 'टुवर्ड' यांतला फरक विचारत होते. ती अडखळली, तसा तो हळूच पुटपुटला, "फॉरवर्ड म्हणजे नुसतं पुढे. समोर कुणी नसलं तरी चालतं. टुवर्डला मात्र... कुणीतरी लागतं." आणि मान वर करून त्यानं तिच्याकडे बघितलं.

मग क्लास सुटला की दोघं बसस्टॉपपर्यंत रेंगाळत जाऊ लागली. पुढे त्याला जहाजावर नोकरी लागली. थांबशील माझ्यासाठी, असं त्यानं विचारलं, तेव्हा ती नुसतीच ओढणीचं टोक पिळत राहिली. उद्या तो निघणार होता.

आणि आजच, दिवेलागणीला, घोडपदेवच्या चाळीत तिच्या भावाचं तान्हं बाळ रडायचं थांबेना. दूध नको, मांडी नको. छताच्या कोपऱ्याकडे टक लावायचं नि किंचाळायचं. सुमेधावहिनीनं भात-लिंबाचा उतारा बाळावरून ओवाळून मनवाच्या हाती दिला. तिठ्यावर ठेव, सरळ घरी ये. पाय धुवेस्तोवर बोलायचं नाही, वळून पाहायचं नाही. नाहीतर उतरवलेलं परत बाळाच्या अंगावर यायचं.

उतारा ठेवून ती जेमतेम कोपऱ्यावर आली, तोच —

"मनवा."

हेमचंद्रचाच आवाज. थोडा घोगरा, शेवटाला मऊ होणारा.

"एकदा बघ ना माझ्याकडे. उद्या मी नसेन गं."

तिचे डोळे भरून आले. मागून चपला वाजत होत्या. ती थांबली की थांबायच्या. मानेवर गार श्वास... ओल्या राखेचा वास. वळलं तर बाळ, न वळलं तर तो. बोटाभोवती आवळलेली ती इवलीशी मूठ तिला आठवली. रडत रडत ती चालत राहिली.

चाळीच्या पायरीवर हेमचंद्र बसला होता.

"वहिनी म्हणाल्या, तिठ्यावर गेलीयस. मघापासून इथंच आहे मी," तो उठत म्हणाला. "बाळ निजलंय. तू रडतेयस का?"

मनवाच्या अंगावर काटा आला. बोलायची सोय नव्हती. ती सरळ त्याच्यापाशी गेली आणि त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"टुवर्ड," तो हसला. "म्हणजे थांबशील?"

तिनं मान हलवली. हो.

त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली... आणि हसू विरलं. त्यानं तिला अलगद जवळ ओढलं.

"चल वर," तो कुजबुजला. "मागे बघू नकोस."