दहा वर्षांच्या तोरणांची बेगमी

त्या काळात सरळ रेघेला कुणी कुत्रं विचारत नव्हतं. यंत्रं इतकी बिनचूक झाली होती की चूक ही चैनीची वस्तू होऊन बसली. लग्नात आहेर आला की वरमाई आधी त्याच्यावरून बोट फिरवायची, आणि कुठेच खडबडीत लागलं नाही तर नाक मुरडायची, "यंत्राचं दिलंय मेल्यांनी!" कराडच्या शर्वरी घोरपडेचं घर या चुकांवरच चाललं होतं.

सुरुवात झाली संक्रांतीच्या वाणापासून. हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाटून वाटून ती वैतागली आणि तिने जाड कागदाची तोरणं ब्लेडने कापली. आंब्याचं पान, मग राघू, पुन्हा पान, पुन्हा राघू. चोचीचं वळण आलं की तिचा हात क्षणभर थबकायचा. त्यामुळे तिचा प्रत्येक राघू काहीतरी बोलायला आला होता आणि ऐनवेळी विसरला, असा दिसायचा. बायकांना नेमकं तेच आवडलं. मागण्या वाढल्या, स्वयंपाकघर पुरेना, अंगठ्याला घट्टा पडला. शेवटी नवरा म्हणाला, "लेझर घेऊ." तन्मयला कुठल्याही दुखण्यावर यंत्र घ्यायची सवय होती.

लेझरमध्ये प्रकाशाचा केसासारखा बारीक झोत आरशांवरून वळवून, भिंगातून प्लायवूडवर सोडतात. जिथे पडेल तिथलं लाकूड जळून जातं, कडेला तपकिरी रेघ उरते आणि घरभर कुणीतरी पाट भाजल्यासारखा वास सुटतो. पण असा झोत बिनचूक जाणार. म्हणजे माल यंत्राचा. म्हणजे कवडीमोल. यावर शास्त्रज्ञांनी तोडगा काढला, त्याचं नाव 'हातवळण'. प्रत्येक हाताला स्वतःची एक बारीक थरथर असते. कुणी वळणाआधी घाई करतो, कुणी धास्तावतो. यंत्राच्या काचेच्या पाटीवर आपण चित्र काढायचं. यंत्र ते चित्र शिकत नाही, तो हात शिकतं, आणि मग आरसेही त्या हातासारखेच डगमगतात. शर्वरी दर सोमवारी पाटीवर एक राघू काढायची आणि पुढे आठवडाभर यंत्र तिच्या चुका करत बसायचं. याच चुका सासूबाई इतकी वर्षं फुकटात दाखवत आल्या होत्या. आता त्या चुकांना गिऱ्हाईक मिळालं होतं.

दसरा तोंडावर आला तशा सासूबाई म्हणाल्या, "अगं, पापड-कुरडया आपण उन्हाळ्यात वर्षाच्या करून ठेवतो की नाही? तशी तोरणंही करून ठेव. ऐनवेळी तारांबळ नको."

यंत्रावर खरोखरच 'बेगमी' नावाचं बटण होतं. पुढचं काम आधीच उरकून ठेवायचं. शर्वरीने त्यात दहा हा आकडा भरला. दहा खोकी, असं तिला वाटलं. मग सगळे विट्याला लग्नाला गेले.

परत आले तेव्हा यंत्राने दहा वर्षांची तोरणं कापून ठेवली होती. प्लायवूड संपल्यावर त्याने दुकानातून परस्पर मागवलं होतं, आणि वहिनींचा धंदा वाढला म्हणून दुकानदाराने सोबत पेढे पाठवले होते. पलंगाखाली खोकी, न्हाणीघरात खोकी. देवघरातला बाळकृष्ण दोन खोक्यांच्या फटीतून कसाबसा बाहेर बघत होता. खोक्यांवर यंत्रानेच छापलं होतं: वर्ष पहिले, वर्ष दुसरे, वर्ष तिसरे.

तन्मय पेढे खात न्हाणीघराचा रस्ता मोकळा करत होता. शर्वरीने खोकी उघडायला घेतली.

पहिल्या वर्षाचा राघू तिचाच होता. चौथ्यातल्या राघूच्या चोचीची कड जराशी कुरतडल्यासारखी दिसली. तिने यंत्राचं भिंग पुसलं. सहाव्यात पानांना करवतीचे दात आले होते. आठव्यातला राघू पाण्यात पडलेल्या सावलीसारखा हलत होता. नवव्यातल्या राघूची पाठ शेपटीपर्यंत पोचतच नव्हती. दहाव्या खोक्यात नुसत्या फळ्या होत्या. त्यांवर कुठे कुठे एकेक जळका ठिपका होता, कुणीतरी हात टेकवून उचलून घेतल्यासारखा.

तिने यंत्राला आजचं एक तोरण कापायला लावलं. ते अगदी नीट आलं. म्हणजे भिंग ठीक होतं. तिने कंपनीला फोन लावला.

हातवळण जिने बनवलं ती कंपनीची शास्त्रज्ञ डॉ. कस्तुरी नेने तक्रार ऐकून स्वतः आली. तन्मय कामावर गेला होता, सासूबाई भजनाला. नेनेबाईंनी दहाही खोकी बघितली आणि बराच वेळ पोहे खाल्ले.

"यंत्र बिघडलंय ना?" शर्वरीने विचारलं.

"नाही."

"मग हे काय?"

"बेगमीत यंत्र आजचाच हात वापरत नाही. ज्या वर्षाचं काम, त्या वर्षाचा हात. आमच्याकडे लाखो हातांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. आजच्या थरथरीवरून उद्याची काढता येते."

"अहो, मी एकेचाळीस वर्षांची आहे. दहा वर्षांत इतकी म्हातारी होणार?"

"सगळे हात वयानेच जातात असं नाही."

"म्हणजे कंपवात?"

"मी डॉक्टर आहे ती आरशांची," नेनेबाई म्हणाल्या. "दवाखान्यात दाखवा. पण बहुतेक काही सापडणार नाही. खरंच काही असलं तरी दवाखान्याला दिसायला अजून अवकाश आहे."

"आणि दहाव्या खोक्यातले ते ठिपके?"

"अंदाज संपला की यंत्र ठिपके मारतं."

"अंदाज संपला की हात संपला?"

"यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं." त्यांनी बशी खाली ठेवली. "ताई, उपाय एकच. घाबरायचं नाही."

"हा उपाय?"

"गंमत करत नाहीये. घाबरलात की हात कापतो. सोमवारी तो कंप पाटीवर जातो. तो भीतीचा की रोगाचा, हे यंत्राला कळत नाही. ते सगळी वर्षं अलीकडे ओढतं. मग ते बघून तुम्ही आणखी घाबरता."

"मग मी राघू काढायचंच सोडते."

"नवा हात दिला नाहीत तर यंत्र सरळ कापायला लागेल."

जाताना नेनेबाईंनी आठव्या वर्षाचं एक तोरण मागून घेतलं. "फार सुंदर आहे," त्या म्हणून गेल्या, आणि लगेच ओशाळल्या.

दवाखान्यात सगळं उत्तम निघालं. शर्वरीने अहवालाचा कागद पर्सच्या तळाशी कोंबला, कारण नेनेबाई तसंच म्हणाल्या होत्या. घरी तिने भिंग बिघडल्याचं सांगितलं. मग ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली. प्यायच्या आधी चहा हलतोय का बघायची. कुंकू लावताना आरशापुढे श्वास रोखायची. औषध घेताना माकडाची आठवण काढायची नाही म्हटलं की माणसाला माकडाशिवाय काही सुचत नाही, तसं तिचं झालं. दिवसभर ती न घाबरण्याचा इतका कसून सराव करायची की संध्याकाळी बोटं आखडायची.

पहिल्या सोमवारी पाटीने राघू घेतला आणि पडद्यावर लिहिलं, 'नमुना जुळला. वर्ष दुसरे.' त्याच्या पुढच्या सोमवारी, वर्ष पाचवे.

"हे कसलं वर्ष?" तन्मयने विचारलं.

"काही नाही रे, यंत्राचं आपलं काहीतरी."

इकडे आंघोळीला जागा हवी म्हणून तन्मयने दसऱ्याच्या बाजारात खोकी रिकामी करायला काढली होती. घरी आला तो नाचतच. "अगं, आठव्या वर्षावर झुंबड! बायका डोळे पुसत होत्या. एक म्हणाली, असा हात आता कुठे राहिलाय!"

"ते खराब होतं, तन्मय."

"असेना! दिवाळीला तसलीच हवीत म्हणून मागे लागलेत. पहिल्यापासून आठव्यापर्यंत सगळी गेली. नववं-दहावं कुणी हातात धरेना, ते राहू दे न्हाणीघरात. सोमवारी आठव्या वर्षाची बेगमी लाव."

सोमवार उजाडला. तन्मय चहा घेऊन शेजारी उभा, सासूबाई दारात झेंडूच्या पाकळ्या निवडत बसलेल्या. शर्वरीने लेखणी उचलली. घाबरायचं नाही, असं तिने मनाशी म्हटलं आणि बोटं गार पडली. पान निघालं. राघूची पाठ निघाली. चोचीशी हात नेहमीसारखा थबकला. पण या खेपेला तो तिथेच राहिला, आणि लेखणीचं टोक काचेवर टक टक टक टक वाजायला लागलं.

"थंडी वाजतेय का गं?" सासूबाईंनी विचारलं.

शर्वरीने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि कशीबशी चोच पुरी केली. पडद्यावर अक्षरं उमटली.

'नमुना जुळला. वर्ष आठवे.'

"वा!" तन्मयने तिच्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे आता बेगमीची गरजच नाही. जमलं की तुला! घे थेट कापायला."

आरसे वळायला लागले. पाट भाजल्याचा वास सुटला. पहिलं तोरण बाहेर पडलं ते सासूबाईंनी कौतुकाने उचललं आणि आपल्याच दाराला बांधलं. वारा नव्हता, तरी राघू हलत असल्यासारखे दिसत होते. त्यांच्या चोची उघड्या होत्या, आणि एकही राघू काही विसरल्यासारखा दिसत नव्हता.

शर्वरीने त्यांच्यावरून नजर काढली आणि न्हाणीघराकडे पाहिलं. तिथे अजून दोन वर्षं शिल्लक होती.