शेजाऱ्याचे बूट

चंदगडकडच्या एका वाडीपर्यंत एसटी यावी म्हणून कोल्हापूरच्या कॉलेजातली पोरं रस्ता करायला गेली, ते साल चौऱ्याहत्तर. शिबिराचा म्होरक्या हंबीरराव. प्राचार्यांनी निघतानाच बजावलं होतं, एकाला जरी विंचू चावला तरी शिबिर बंद. म्हणजे रस्ता अर्धाच राहणार.

म्हणून हंबीररावनं तंबूंभोवतीचं गवत कापून घेतलं, कडांवर माती ओढली, अंथरुणं झटकायला लावली. बुटांसाठी मात्र त्याचा खास नियम होता. आपले नाही, शेजाऱ्याचे झटकायचे आणि खुंटीवर उलटे टांगायचे. माणूस स्वतःच्या बाबतीत आळशी असतो, समाजवाद इथूनच सुरू होतो, असं तो भाकरी खाता खाता सांगे. पोरं माना डोलवत आणि बूट तसेच बाहेर टाकून झोपत.

एके दिवशी रस्त्याला दगड कमी पडले, तेव्हा हंबीररावनं वाटेकडेचा दगडांचा ढीग उपसला. भाकऱ्या थापणाऱ्या चिमणाबाईचा हात परातीतच थांबला. तो ढीग बाळासोचा होता. रजेवर आलेला शिपाईगडी. एसटी लांबवरच सोडायची, म्हणून रात्री वाटेतच निजला आणि पहाटे बुटात पाय घातला. आत विंचू. तिथंच गेला. तेव्हापासून येणारा-जाणारा तिथं एक दगड ठेवायचा.

"दबून हुता त्यो," चिमणाबाई म्हणाली. "आता उठंल की."

"उठू दे मावशी, हातात घमेलं देऊ. माणसं कमीच हाईत."

हंबीररावच्याच तंबूतला रफिक एवढा हसला की त्याला ठसका लागला.

पहाटेच्या अंधारात हंबीररावला जाग आली. हवेत ओल्या चामड्याचा आणि पितळ घासायच्या पॉलिशचा वास. तंबूबाहेर कुणीतरी नाल मारलेल्या बुटांनी चालत होतं... थांबत होतं... थप् थप् काहीतरी आपटत होतं. पुन्हा चाल. पुन्हा थप् थप्.

"रफिक... ऐकलंस?"

"तूच बूट झटकतोयस न्हवं?" पांघरुणातून आवाज आला.

"मी हितं हाय..."

रफिकनं पांघरुणातून डोकं बाहेर काढलं. "मग मला काय ऐकू येत न्हाय," म्हणाला आणि पांघरूण पार डोक्यावरून ओढून घेतलं.

उजाडलं तेव्हा सगळे बूट खुंट्यांवर उलटे, पलटणीसारखे एका रांगेत. खाली मातीत टाचेनं चिरडलेले विंचू. चावला कुणालाच नव्हता. रस्ता वाचला. पोरांनी हंबीररावला खांद्यावर घेतलं आणि तोही नको म्हणाला नाही.

अंथरूण गुंडाळायला तो तंबूत आला. त्याच्या एका बाजूला रफिक झोपायचा, दुसऱ्या बाजूची जागा रोज रिकामी असायची. आज तिथलं गवत माणूसभर दबलं होतं. उशाशी लष्करी बुटांचा जोड, झिजलेल्या नालांचा. सरळ ठेवलेला, न झटकलेला. उजव्या बुटात काहीतरी खुडखुडत होतं.

मागून पोरांचा घोळका आत डोकावला. रफिक हळूच म्हणाला,

"हंबीर... शेजारी तुझा हाय."