हवेत सोडलेला कप

कप फुटला तेव्हा ती पाठमोरी होती. वळून पाहिलं, तर दवाखान्याच्या चहाच्या खोलीत एक उंच, किडकिडीत माणूस स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघत उभा. फरशीवर चहा, तिच्या चपलांवर चहा.

"सोडला मी त्याला... राहील म्हणून," तो ओशाळून म्हणाला.

"हवेत?"

"आमच्याकडे राहतो हो."

तेवढ्यावरून तिला कळलं, हा मधला. त्यांची वसाहत म्हणजे अवकाशात फिरणारं एक प्रचंड चाक. ते फिरायचं म्हणून काठावरच्या घरांत माणसांना वजन असायचं, पाणी पेल्यात राहायचं, लेकरांची हाडं भरायची. मधोमध, आसापाशी, वजन म्हणून नव्हतंच. तिथे महिनाभर काम करावं आणि महिनाभर खाली, काठावर येऊन राहावं, असा नियम. आसाला वंगण घालणारा हा गडी मात्र दोन वर्षं उतरलाच नव्हता. जोडीदार आजारी पडला, बदली कुणी येईना, आणि चाक थांबवून तर चालणार नव्हतं. अख्ख्या गावाला वजन पुरवता पुरवता त्याचीच हाडं पोकळ होत गेली.

आणि हाडं मोजणं हे तिचं काम.

त्याला तीन महिन्यांची मुदत मिळाली होती. रोज कमरेला वजनं बांधून चालायचं, दर आठवड्याला तिच्या यंत्राखाली निजायचं. हाडांच्या बळकटीचा आकडा शंभरात नव्वदला पोचला तर काठावर घर. नाही पोचला, तर कायमचं वर. पहिला आकडा आला एकसष्ट.

तो तिला हाडांच्या बाई म्हणू लागला. आज किती कप फोडले, असं ती विचारायची. दोनच, तो सांगायचा, पण एक तुमची आठवण काढताना फुटला, तो धरू नका... तेव्हा प्रेम असंच आडवळणाने बोललं जायचं. संध्याकाळी दिवे मंदावले की दोघं काठावरच्या लांब, करड्या रस्त्याने चालत निघायची. जिना आला की तो तिचा खांदा धरायचा. जिना संपला तरी हात तिथेच. तिच्या आईने एकदा खिडकीतून पाहिलं. जेवताना विचारलं की सगळ्याच पेशंटना अशी घरापर्यंत चालवतेस का.

सत्तर. शहात्तर. मग तीन आठवडे शहात्तरच.

शेवटच्या दिवशी तिने आकडा दोनदा वाचला.

"शहात्तर," ती म्हणाली.

"वहीत लिहिणार कोण?"

"मी."

"मग लिहा की... नव्वद. मी सांभाळून चालेन. तुमचा खांदा धरून... जन्मभर."

इतकं सरळ तो कधी बोलला नव्हता. तिचं पेन थांबलं. नव्वद लिहायला वेळ तो किती लागणार. पण तिला जिना दिसत होता, ओली फरशी दिसत होती.

"एकदा अडखळलात की खुबा जाईल," ती म्हणाली. "मग मी कशाला धरून राहू?"

तिने शहात्तर लिहिलं.

यंत्राखालून उठून त्याने तिच्या ओल्या गालावर हलकेच बोट टेकवलं. "इथे खाली ओघळतं होय," तो म्हणाला. "आमच्याकडे डोळ्यातच साचून राहतं."

काठावरच्यांना वर जायची मुभा आठवड्यातून एक तास. ती दर आठवड्याला जाऊ लागली. पट्टे बांधून दोघं शेजारी तरंगायची, झाकणाच्या कपांतून चहा प्यायची. बोलता बोलता कप हवेत सोडून द्यायचे, ते तिथेच डुलत राहायचे, आणि हात मोकळे व्हायचे... एकमेकांचे धरायला.

अशी किती वर्षं गेली. एका सकाळी स्वयंपाकघरात आईशी बोलताना तिच्या हातचा कप फुटला. आईने तुकड्यांकडे पाहिलं, मग तिच्या पुढे केलेल्या, रिकाम्या हाताकडे.

"निसटला?"

"नाही. सोडला."

आईने केरसुणी आणली. "त्याला सांग," वाकता वाकता ती म्हणाली, "घरात आता चारच कप उरलेत."